फुंकणीला शिकवलेली खूण

सकाळी दार उघडण्याआधी भोंगा माईकवर खाकरायचा, आणि त्या खाकरण्याने मोरसुद्धा गप्प बसायचे.

भोंगा म्हणजे प्राण्यांच्या बागेत पाहुण्यांना नियम सांगणारा माणूस. हे नाव कामगारांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे 'दादा, दादा' करायचे, कारण कोणाची रजा अडवायची आणि कोणाला घाण उपसायला धाडायचं, हे साहेबांच्या कानात तोच सांगायचा. दारापाशी एक चौथरा होता. त्यावर चढला की हा माणूस वीतभर उंच व्हायचा आणि हातभर शहाणा.

"या, या, स्वागत आहे. आता कान इकडे. गजांतून हात घालू नका; हात तुमचा असला तरी भूक त्यांची आहे." इथे लोक हसायचे. बाग उघडल्यापासून हा एकच विनोद होता आणि तो रोज नव्याने पिकायचा. "घरचं काही खायला घालू नका. पोरांना कठड्यावर बसवू नका. आरडाओरडा नको, दगड नको. प्राण्याला डिवचू नका. डिवचल्यामुळे इजा झाली तर दोष पाहुण्याचा, प्राण्यावर कारवाई होणार नाही. जाळीकडे पाठ करून फोटो काढू नका..."

भाषण संपलं की तो घाम पुसत खाली उतरायचा आणि अस्वलाच्या घराकडे निघालेल्या बहिणीला विचारायचा, "कसं झालं?"

"छान झालं, दादा."

हे तिचं रोजचं उत्तर. तिने भाषण ऐकलेलं असायचं, म्हणजे आवाज कानावर पडलेला असायचा. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येते का? तसंच. झोपेतून उठवलं असतं तरी तिने ते भाषण घडाघडा म्हणून दाखवलं असतं, आणि त्यात काय सांगितलंय असं विचारलं असतं तर तोंड बघत राहिली असती. बागेतल्या सगळ्याच कामगारांची ही गत होती. नियम पाहुण्यांसाठी असतात. आत राहणाऱ्याला कसले नियम?

ही भोंग्याची धाकटी बहीण. सगळी बाग तिला धाकटीच म्हणायची. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली तेव्हा हिने पिशवी उचलली आणि दादाच्या दारात येऊन उभी राहिली. दादाने ठेवून घेतलं. ठेवून घेतलं म्हणजे स्वयंपाकघरामागची, पिंपं आणि मोडक्या खुर्च्या टाकायची खोली दिली, आणि साहेबांना सांगून अस्वलाच्या घरी कामाला लावलं. उपकार तो उपकारच. पण काही लोक उपकार करतात आणि विसरतात. काही त्याला रोज पाणी घालून झाड करतात. पाणी घालायचं काम वहिनीकडे होतं.

"वन्सं, तुमच्या अंगाला अस्वलाचा वास येतो हो. तेवढं भांड्यांना हात लावू नका."

"वास येतो म्हणून तर ते मला खात नाही, वहिनी."

"मग आम्हाला खाईल होय?"

"तुम्हाला नाही खाणार. त्याला पचायलाही पाहिजे ना."

अशा उत्तरानंतर दोन दिवस भाजीत मीठ नसायचं. धाकटी अळणी खायची, पण बोलायची.

तिचं अस्वल म्हणजे एक म्हातारी मादी. खालचा ओठ लोंबता, श्वास सोडला की फू फू असा आवाज यायचा, म्हणून तिचं नाव फुंकणी. कुठल्याशा सर्कशीतून सोडवून आणलेली. आली तेव्हा कोणी हात वर केला की भिंतीला टेकून मुतायची. इतका मार खाल्लेला. डोळ्यांनी अधू, माणूस ओळखायची ती वासाने. धाकटीच्या निळ्या जाकिटाला खजुराचा, घामाचा आणि तिच्या स्वतःच्याच केसांचा वास होता. धाकटी ते जाकीट कधी साबणाने धूत नसे. फुंकणीच्या लेखी ते जाकीट म्हणजेच धाकटी.

आणि धाकटीने तिला एक खूण शिकवली होती. खाऊ देताना मूठ. मूठ दिसली म्हणजे अजून आहे. संपलं की दोन्ही हात वर करून उघडे तळहात दाखवायचे, बोटं पसरून. तळहात म्हणजे संपलं. मग फुंकणी एक फुंकर मारायची, वळायची आणि कोपऱ्यातल्या फळीवर जाऊन आडवी व्हायची. हात वर झाले की मार बसतो, एवढंच आयुष्यभर शिकलेल्या जनावराला 'हात वर झाले की आता झोपायचं' हे शिकवायचं, म्हणजे काय दिव्य असेल बघा. त्यात एकच पथ्य: खोटं नाही. रिकामी मूठ दाखवायची नाही, भरली मूठ मागे ओढायची नाही. जनावर एकदा फसतं आणि कायमचं मोडतं. धाकटी माणसांशी खोटं बोलायची, वहिनीशी तर दिवसातून दोनदा. फुंकणीशी कधीच नाही.

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बागेच्या साहेबांच्या पत्रिकेतला हा ग्रह एका सुट्टीच्या वारी, बाग बंद असताना, थेट अस्वलाच्या घरी उतरला. मागच्या दाराने. बरोबर भोंगा, कमरेत वाकलेला.

"धाकटे, जावईबापूंना खाऊ घालायचाय अस्वलाला. एक फोटो हवाय. तुझं जाकीट दे."

"जाकीट?"

"ती जाकिटाशिवाय जवळ येत नाही, तूच म्हणतेस ना?"

"दादा, अरे मागच्या बाजूला पाहुणे आणायचे नाहीत. नियम—"

"नियम मी सांगतो की तू?"

जावई हसला. गोरा, गुळगुळीत माणूस, करंगळीशेजारच्या बोटात जाड अंगठी. "ताई, मी काही लहान आहे का? एक फोटो फक्त."

दादाच्या घरातली खोली, दादाने लावलेली नोकरी, दादाचा शब्द. धाकटीने जाकीट उतरवलं. उतरवताना अंगावरची कातडी सोलल्यासारखं वाटलं तिला, पण उतरवलं. जावयाने नाक मुरडत ते चढवलं.

"एवढंच करा," ती म्हणाली. "मूठ पुढे केलीत की खजूर द्यायचाच. मागे ओढायची नाही. आणि संपलं की दोन्ही तळहात असे दाखवायचे. मग ती आपणहून जाते."

"हो हो."

फुंकणी आली. गजांपाशी बसली, जाकीट हुंगलं आणि ओठ पुढे काढला. जावयाने एक खजूर दिला, दुसरा दिला. मऊ ओठांनी, बोटाला लाळसुद्धा न लागू देता तिने उचलला. जावयाला गंमत वाटायला लागली, आणि गंमत वाटायला लागलेला पैसेवाला माणूस म्हणजे उतारावरची गाडी. शेवटचा खजूर मुठीत ठेवून त्याने मूठ गजांच्या आत घातली आणि फुंकणी पुढे झुकली तशी झटकन मागे ओढली.

"बघा, बघा कशी लाळ गाळतेय!"

"मागे ओढू नका!" धाकटी ओरडली. "देऊन टाका, नाहीतर तळहात दाखवा!"

त्याने परत मूठ घातली, परत ओढली. फुंकणीने मान हलवली. गोंधळली बिचारी. जाकीट धाकटीचं, मूठ धाकटीच्या खुणेची, आणि खाऊ नाही. असं कधी झालंच नव्हतं.

भोंग्याच्या हातात जावयाचा फोन होता. रोज सकाळी चौथऱ्यावरून 'डिवचू नका' म्हणणारा तो माणूस एक डोळा मिटून म्हणाला, "अजून एकदा, जावईबापू. फोटो हलला."

तिसऱ्यांदा फुंकणी थांबली नाही.

दोन बोटं गेली. खजूर खाताना बी बाजूला टाकावी तशी फुंकणीने अंगठी बाजूला टाकली. जावई असा किंचाळला की पलीकडचे लांडगे रडायला लागले. आणि धाकटीने, अंगात नुसता सदरा, दोन्ही हात वर केले आणि तळहात उघडे करून दाखवले. फुंकणीने फुंकर मारली, वळली आणि फळीवर जाऊन आडवी झाली. त्या खोलीत त्या दिवशी नियम पाळणारं कोणी असेल, तर ती एकटी.

संध्याकाळी वहिनीने धाकटीला आधी वाढलं. गरम, वर तूप. तिथेच धाकटीला कळायला हवं होतं.

"साहेब पेटलेत," भोंगा म्हणाला. माईक नसला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. "उद्या चौकशी आहे. साहेब, जनावरांचे डॉक्टर आणि मी. अस्वलाला मारायचं म्हणतायत."

धाकटीने घास ताटात परत ठेवला. "तिने काय केलं? अरे, तू तर तिथे होतास!"

"होतो ना. म्हणून तर सांगतो, ऐक. जावयाने डिवचलं असं तू बोललीस, तर साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबतील. बाहेर अब्रू जाईल त्यांची. मग राग कोणावर काढतील? अस्वलावर. त्यापेक्षा तू सांग, मागचं दार तुझ्याकडून उघडं राहिलं, ते वाट चुकून आत आले, त्यांनी काहीच केलं नाही. चूक तुझी ठरली की साहेब शांत. तुला चार दिवस घरी बसवतील, मी सांभाळून घेईन. अस्वल वाचेल."

"आणि नोकरी?"

"मी आहे ना."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "सख्ख्या भावावर विश्वास नाही?"

धाकटीने खूप विचार केला असं सांगता आलं असतं, पण तसं झालं नाही. तिला एकच ऐकू आलं: अस्वल वाचेल. तेवढ्यासाठी ती दार उघडं राहिलंच काय, स्वतः फोडलं असंही म्हणाली असती.

"शपथ घे," ती म्हणाली.

"तुझी शपथ," भोंगा म्हणाला. स्वतःची नाही घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत तिने सांगितलं. दार माझ्याकडून उघडं राहिलं. ते वाट चुकून आले. जाकीट खुंटीवर होतं, थंडी वाजली म्हणून त्यांनी घातलं. शेवटचं वाक्य भोंग्याने शिकवलेलं. खोटं बोलायला बसला की तो बारीकसारीकही सोडायचा नाही.

डॉक्टर पांढऱ्या मिशांचा, थकलेला माणूस. फुंकणीच्या दाढेचं गळू त्यानेच फोडलेलं. तो पुढे वाकला. "नीट आठव. त्यांनी हात आत घातला? काही दाखवून मागे ओढलं? तिला डिवचलं?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

"नाही. त्यांनी काहीच केलं नाही."

"म्हणजे काही कारण नसताना तिने हल्ला केला?"

"...हो."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकला. "मग संपलं, साहेब. डिवचलं असतं तर नियमाप्रमाणे तिला हात लावता आला नसता, मी सही केलीच नसती. पण विनाकारण माणसावर जाणारं जनावर ठेवता येत नाही. आज दुपारीच उरकू."

"डिवचलं असतं तर?" धाकटी म्हणाली.

"अगं, तुझ्या भावाच्या भाषणातच आहे की," डॉक्टर म्हणाला. "डिवचल्यामुळे इजा झाली तर प्राण्यावर कारवाई होणार नाही. रोज ऐकतेस ना?"

रोज ऐकायची. आणि आज पहिल्यांदा ते वाक्य तिच्या कानातून आत गेलं, तापलेल्या सळईसारखं.

व्हरांड्यात तिने दादाची बाही धरली. "तुला माहीत होतं."

"रोज म्हणतो मी. मला माहीत नसेल?"

असं म्हणाला तो. सरळ. चोरी पकडली गेल्यावर लाजणारे चोर वेगळे असतात, ते गरीब असतात.

"केसाने गळा कापलास दादा. माझ्या हातून मारतोयस तिला."

"मग काय माझी भाकरी घालवू? जावयाने डिवचलं, म्हणजे जावयाला आत कोणी आणलं? फोटो कोणी काढला? चौकशी माझ्यापर्यंत आली असती. अस्वलं काय, पुष्कळ येतील. आणि हळू बोल. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात तिचे होते," धाकटी म्हणाली. "तुला दात कुठायत? तुला नुसतं तोंड आहे."

ती उलट्या पावली आत गेली आणि सगळं ओकून टाकलं. जाकीट कोणी मागितलं, मूठ किती वेळा ओढली, 'फोटो हलला' कोण म्हणालं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. चष्मा पुसला.

"घटकाभरापूर्वी एक बोललीस, आता दुसरं. तुझ्या दोन तोंडांपैकी खरं कुठलं?"

"जावईसाहेबांच्या फोनमध्ये फोटो आहे, बघा ना!"

"तो फोन बंद पडलाय. रक्त गेलं आत."

"साहेब, लळा लागलाय तिला," भोंगा मागून आत येत म्हणाला. आवाजात बहिणीची कणव अगदी ओथंबून. "नवऱ्याने टाकलेली बाई, तेवढंच एक जनावर होतं. मनावर घेऊ नका."

डॉक्टरने कागद गोळा केले. बाहेर आल्यावर मात्र तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू आत्ता बोललीस ते खरं आहे, मला कळतंय."

"मग सही करू नका ना, डॉक्टर."

"माझी निवृत्ती जवळ आलीय, पोरी." आणि जरा थांबून, "तिला अरुंद पिंजऱ्यात आणून गजांना टेकवायचंय. तुझ्याशिवाय ती येणार नाही. तू नाही म्हणालीस तर साहेब रखवालदाराला बंदूक घेऊन भिंतीवर चढवतील. त्याने त्या बंदुकीने आजवर फक्त माकडं हाकललीत. किती गोळ्या लागतील, सांगता येत नाही."

हा पर्याय. गरिबाला पर्याय देतात तो असाच: विहीर की आड.

जाकीट पुरावा म्हणून साहेबांच्या खोलीत होतं. डॉक्टरने ते मागून आणलं. एका बाहीवर जावयाचं रक्त वाळून खडखडीत झालेलं. धाकटीने ते घातलं.

"एक खजूर देऊ दे," ती म्हणाली.

"नको. पोटात काही गेलं तर उलटी होईल, त्रास वाढेल. रिकाम्या पोटीच."

म्हणजे मूठही रिकामी. जावयाच्या मुठीत निदान खजूर तरी होता.

फुंकणी फळीवर होती. वास आल्याबरोबर उठली, फू फू करत अरुंद पिंजऱ्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. बाहीवरचा वास अनोळखी होता. बाजूला टोकाला सुई लावलेली लांब दांडी घेतलेला डॉक्टर होता, आणि दांडी तिने सर्कशीत पाहिली होती. ती भिंतीकडे सरकली. तिच्या मागच्या पायांमधून धार लागली. इतक्या वर्षांनी, परत.

धाकटीने मूठ पुढे केली.

फुंकणीने मुठीकडे बघितलं. त्या मुठीने तिला कधी फसवलं नव्हतं; फसवलं ते दुसऱ्याच्या हाताने. ती आत आली. गजांना खांदा टेकवून बसली, अगदी धाकटीला हवी तशी, आणि ओठ पुढे काढून मूठ हुंगली. मुठीत काही नव्हतं. वासाने जगणाऱ्या जनावराला हे कळलं नसेल का? कळलंच असेल. तरी ती थांबून राहिली, मूठ उघडायची वाट बघत.

सुई खांद्यात गेली. फुंकणी दचकली, पण हलली नाही. डोळे मुठीवरच.

"बास," डॉक्टर म्हणाला.

धाकटीने दोन्ही हात वर केले. बोटं पसरली. तळहात.

फुंकणीने फुंकर मारली. वळायला त्या पिंजऱ्यात जागा नव्हती, तरी तिने वळायचा प्रयत्न केला. तिथे फळी नव्हती, तरी फळी असल्यासारखी ती हळूहळू आडवी झाली. फू फू जरा वेळ चालली. धाकटीचे हात वरच होते. डॉक्टरने शेवटी धरून खाली घेतले.

"चांगलं शिकवलंयस," तो म्हणाला. काही माणसांनी मरेपर्यंत तोंड उघडू नये.

भोंग्याने एक शब्द मात्र पाळला. धाकटीची नोकरी गेली नाही. तिला दारावर, पाहुण्यांच्या पिशव्या तपासायला बसवलं, अगदी चौथऱ्याखाली, म्हणजे नजरेसमोर राहील. खोलीही राहिली. कुठे जाणार होती? वहिनी दोन दिवस गोड बोलली, तिसऱ्या दिवशी भाजी अळणी झाली. अस्वलाच्या घरावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. जावई पट्टी बांधून एकदा येऊन गेला, आणि बरोबर आलेल्या मित्रांना लांबून जागा दाखवत होता. फोन त्याच्या दुसऱ्या हातात होता, चालू. मित्र त्यात डोकावून म्हणत होते, "काय भारी आलाय रे!"

चौकशीसाठी बंद ठेवलेली बाग परत उघडली त्या सकाळी भोंगा चौथऱ्यावर चढला. खाकरला. मोर गप्प झाले. रांगेत गर्दी होती. अस्वलाने माणूस खाल्ला अशी बातमी झाली की तिकिटं खपतात.

"या, या, स्वागत आहे. गजांतून हात घालू नका; हात तुमचा असला तरी भूक त्यांची आहे."

लोक हसले. नेहमीपेक्षा जास्त.

"घरचं काही खायला घालू नका. पोरांना कठड्यावर बसवू नका. आरडाओरडा नको, दगड नको. जाळीकडे पाठ करून फोटो काढू नका..."

पिशवीतला धाकटीचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा ती दादाचं भाषण मन लावून ऐकत होती, आणि एक वाक्य त्यात नव्हतं. तिने मान वळवून दाराजवळच्या मोठ्या फलकाकडे पाहिलं. 'डिवचू नका'ची ओळ होती तिथे हिरव्या रंगाचा ओला पट्टा होता. रंगाचा डबा अजून खालीच पडलेला. रांगेतल्या एकालाही काही कमी वाटलं नाही. आत लांडगे होते, माकडं होती, कोल्ह्याची नवी पिल्लं होती. आजपासून त्यांना कोणी कितीही डिवचावं.

भाषण संपलं. भोंगा घाम पुसत खाली उतरला आणि सवयीने, खरोखर नुसत्या सवयीने, बहिणीला विचारलं, "कसं झालं?"

धाकटीने हातातली पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि उघडे तळहात त्याच्या तोंडासमोर धरले.

भोंगा क्षणभर त्या तळहातांकडे बघत राहिला. रेघांमध्ये कसलासा काळा मळ होता.

"हात धुऊन ये जा," तो म्हणाला. "पाहुण्यांसमोर असे घाण हात दाखवतात का?"